मोडकळीला आलेलं घर, मिश्र वस्ती आणि घरात लहान मुलं: घ्यायच्या आधी काय बघायचं आणि घेतल्यावर कशाच्या आधी काय करायचं

शहराच्या आतल्या भागात, जिथून मुलं शाळेत चालत जातील, बस-ट्रेन हाकेच्या अंतरावर असेल, आजूबाजूला चार भाषांची, चार धर्मांची, कमी-जास्त कमाईची माणसं असतील, अशा ठिकाणी तयार घर परवडत नाही. मग नजर जाते त्याच गल्लीतल्या रंग उडालेल्या, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या घराकडे. यात वेडेपणा काही नाही, खूप लोक असंच करतात आणि सुखाने राहतात. पण मुलं असताना असं घर घेणं आणि दोघांनीच असताना घेणं यात फार फरक आहे, कारण दोघं मोठी माणसं धुळीत, अर्धवट बाथरूममध्ये वर्षभर काढू शकतात, रांगणारं पोर नाही काढू शकत.

माझं म्हणणं साधं आहे. घर घेताना दोन याद्या करा: पैसे टाकून बदलता येतं ते एका बाजूला आणि कितीही पैसे टाकले तरी बदलता येत नाही ते दुसऱ्या बाजूला. वायरिंग, पाइप, प्लास्टर, फरशी, किचन, खिडक्या हे सगळं बदलता येतं. रस्त्यावरची वाहतूक, शाळेचं अंतर, घरात येणारा उजेड, शेजारी आणि कागदपत्रांतला घोळ हे बदलत नाही (कागदपत्रं कधीकधी सुधारतात, पण त्यात उमेद संपते). बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, किचन बघून नाक मुरडतात आणि गल्ली न बघताच टोकन देतात.

१. घरं बघायच्या आधी आकडेमोड

घराची किंमत हा खर्चाचा एक तुकडा झाला. त्यात दुरुस्ती, नोंदणी आणि वकील, दुरुस्ती चालू असताना दुसरीकडे राहायचं भाडं, दोनदा सामान हलवणं, इंजिनिअरची फी आणि अडचणीसाठी वेगळी काढून ठेवलेली रक्कम मिळवा. ही अडचणीची रक्कम दुरुस्तीच्या अंदाजाच्या निदान २० टक्के तरी असू द्या आणि घर फार जुनं असेल किंवा भिंती-छत उघडून बघायला मिळालंच नसेल तर ३० टक्के धरा. ती संपली नाही तर चांगलंच आहे, पण जुन्या घरात ती सहसा संपतेच, कारण फरशी उचलल्याशिवाय फरशीखाली काय आहे ते कळत नाही.

मग उलटा हिशोब करा. त्याच गल्लीत तेवढंच पण नीट दुरुस्त केलेलं घर कितीला जातं ते शोधा, त्यातून दुरुस्ती, अडचणीची रक्कम आणि भाडं वजा करा, जे उरेल त्यापेक्षा जास्त देऊ नका. उत्तर विकणाऱ्याच्या आकड्याच्या आसपासही येत नसेल तर ते घर स्वस्त नाहीये, फक्त मोडकं आहे.

कर्जाचं आधीच विचारून घ्या. बँक बहुतेक वेळा घराच्या आजच्या अवस्थेवर मूल्यांकन करते, दुरुस्तीनंतरच्या किमतीवर नाही, आणि घर राहण्यालायक नाही असं मूल्यांकन करणाऱ्याने लिहिलं तर काही ठिकाणी कर्ज नाकारलं जातं किंवा टप्प्याटप्प्याने मिळतं. म्हणजे सुरुवातीचा मोठा खर्च, छत आणि पाया, तुमच्या खिशातून जाऊ शकतो. हे टोकन दिल्यावर कळून उपयोग नाही.

२. गल्ली बघा, आणि मुलांना घेऊन बघा

घर एकदा बघून होतं, गल्ली नाही. शाळा सुटायच्या वेळी जा, रात्री उशिरा जा, सुट्टीच्या दिवशी सकाळी जा आणि जमलं तर पाऊस पडत असताना जा, पाणी कुठे साचतं, गटार कुठून उलटं येतं ते तेव्हाच दिसतं. घरापासून शाळेपर्यंत मुलाच्या चालीने, पाठीवर दप्तर देऊन चाला. नकाशावर दहा मिनिटं दाखवतात त्यात मधला मोठा रस्ता ओलांडायला लागणारा वेळ आणि मोडलेला फूटपाथ येत नाही.

वाहतूक मोजा. खरंच मोजा, गर्दीच्या आणि शांत वेळी पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहून किती गाड्या जातात ते लिहून काढा. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या नगररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता, तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्ते दिसायला साधारण सारखेच, पण एकावर दिवसाला अंदाजे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकही पूर्ण नाही, ०.९. मिश्र वस्तीत आपण जातो ते मुलं वेगवेगळ्या घरांतल्या मुलांबरोबर वाढावीत म्हणून, आणि दारासमोरचा रस्ता ओलांडताच येत नसेल तर समोरच्या घरातलं पोर कुठल्या का समाजाचं असेना, ओळख होणारच नाही.

वस्ती मिश्र आहे म्हणजे नक्की काय, तेही जरा बारकाईने बघायला हवं. दुकानांच्या पाट्या तीन लिप्यांत आहेत म्हणून माणसं एकमेकांत मिसळतात असं नाही. बागेत जाऊन अर्धा तास बसा. मुलं एकत्र खेळतायत का प्रत्येक भाषेचा वेगळा घोळका आहे? आया-बाप, आजी-आजोबा बाकांवर एकमेकांशी बोलतायत का? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती जवळ राहिल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. बरोबरीचं नातं हवं, सगळ्यांचं एक काम हवं, ते मिळून करायला हवं आणि शाळा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा हवा. म्हणून मी वस्ती बघताना फुटबॉलची टीम, वाचनालय, संगीताचा क्लास, सार्वजनिक पोहण्याचा तलाव असं काहीतरी शोधायला सांगेन, जिथे मुलांना एकत्र काहीतरी करावंच लागतं. ते नसेल तर मिश्र वस्ती ही फक्त बघायची गोष्ट होऊन बसते.

एजंटला "इथे कसे लोक राहतात?" असं विचारू नका. एक तर प्रश्नच बरा नाही, दुसरं म्हणजे काही देशांत तो उत्तर देऊच शकत नाही, उदाहरणार्थ अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानंतर वंश-धर्म बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे. त्यापेक्षा स्वतः बोला. किराणा दुकानदाराला, शाळेबाहेर थांबलेल्या पालकांना, जिन्यात भेटलेल्या म्हाताऱ्या बाईंना नेमके प्रश्न विचारा: पाणी रोज येतं का, रात्री कसला आवाज असतो, मुलं एकटी कितव्या वर्षी बाहेर जायला लागली. "एरिया खराब आहे" असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारा, काय झालं होतं, कधी, कुठल्या रस्त्यावर. पुष्कळदा उत्तरच नसतं, नुसती ऐकीव भीती असते. आणि खरंच काही असेल तर ते तारीख-जागेसकट समजतं.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एक मॉडेल मांडलं होतं, त्यात कोणालाच दुसऱ्या गटाचा राग नसतो, फक्त शेजारी आपल्यासारखे थोडे तरी असावेत एवढीच माफक अपेक्षा असते आणि तेवढ्यानेही सगळी वस्ती हळूहळू वेगवेगळ्या तुकड्यांत वाटली जाते. हे आठवायचं अशासाठी की घर घेताना "शाळेत आपली चार मुलं तरी हवीत ना" असं आपणही सहज म्हणून जातो.

शाळेचं मात्र ऐकीव माहितीवर सोडू नका. प्रवेशाची हद्द कुठपर्यंत आहे आणि ती अलीकडे बदललीय का, वर्षाच्या मध्ये प्रवेश मिळतो का, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी शाळा वेगळं काय करते, पालकसभेला नक्की कोण येतं, हे थेट शाळेत जाऊन विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून शाळेबद्दल बरंच कळतं.

३. घर बघताना बरोबर काय न्यायचं

चांगला टॉर्च, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, एक गोटी, छोटी लेव्हल, ओल मोजायचं मीटर (फार महाग नसतं), लोहचुंबक आणि छत लांबून बघायला दुर्बीण. आणि मुलांना या वेळी घरी ठेवा, पडक्या घरात त्यांच्या मागे धावत काही बघून होत नाही.

आत शिरल्यावर आधी वास घ्या. कोंदट ओला वास येत असेल किंवा उलट उदबत्ती-रूमफ्रेशनरचा फार घमघमाट असेल तर दोन्ही शंकेचं कारण. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर तिथे मीटर लावा. ओल तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा खर्च वेगळा. जमिनीतून वर चढणारी ओल साधारण कमरेच्या आतबाहेर थांबते, वर पांढऱ्या क्षारांची रेघ दिसते. बाहेरून आत येणारी ओल खिडकीच्या कडेला, छताखाली, बाहेरच्या भिंतीवर असते आणि पावसानंतर वाढते. पाइप गळतीची ओल ऋतू बघत नाही, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर बाराही महिने असते. शिवाय हवा खेळती नसली की थंड भिंतीवर वाफ धरून काळी बुरशी येते, ती वेगळीच. विकणारा सगळ्यालाच "जरा दमटपणा आहे" म्हणतो.

भेगा बघताना घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. प्लास्टरमधल्या केसासारख्या बारीक भेगा जवळपास प्रत्येक घरात असतात. भेग पाच मिलिमीटरच्या पुढे रुंद असेल, दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जात असेल, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत असेल, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असेल किंवा भेगेच्या दोन्ही बाजू एका पातळीत नसतील तर इंजिनिअर बघेपर्यंत पुढे जायचं नाही. गोटी फरशीवर ठेवा, एकाच बाजूला पळत असेल तर किती उतार आहे ते लेव्हलने बघा. दारं चौकटीत अडकतायत का तेही.

काँक्रीटचं घर असेल तर स्लॅबच्या खालच्या बाजूला आणि बाल्कनीखाली टॉर्च मारा. सळई गंजली की फुगते, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीटचे पोपडे सुटतात. मुठीने ठोकून पोकळ आवाज येतोय का बघा. वरून सिमेंट लिंपून रंग मारलेला स्लॅब उघड्या सळईपेक्षा जास्त धोक्याचा, कारण आत किती गेलंय तेच कळत नाही. लाकडी घर असेल तर तुळईची टोकं, भिंतीत शिरतात तिथे, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, लोण्यात जावा तसा आत गेला तर लाकूड संपलंय. कडेने मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी.

ड्रेनेजकडे कोणी बघत नाही आणि नंतर रडतात. चेंबरचं झाकण उघडायला सांगा, वरच्या बाथरूममधून बादलीभर पाणी सोडा, किती वेळात आणि किती स्वच्छ जातं बघा. जुनी लाइन असेल तर पाइपमध्ये कॅमेरा घालून तपासून घ्या, त्याचा खर्च अंगण खोदायच्या खर्चापुढे काहीच नाही.

मग व्यावसायिक माणूस. स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः नेमा, ज्याला पुढचं काम मिळणार नाहीये असा, काँट्रॅक्टरने आणलेला नको, एजंटने सुचवलेला तर अजिबात नको. त्याला लेखी तीन गोष्टी विचारा: काय लगेच करायला हवं, काय पाच वर्षं थांबू शकतं आणि तपासता आलं नाही असं काय आहे. तिसऱ्या उत्तरावरून अडचणीची रक्कम ठरवा.

४. मुलांसाठी वेगळं काय तपासायचं

इथे थोडा वेळ घालवा, कारण तपासणीच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये हे बरेचदा येतच नाही.

पहिलं शिसं. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं, अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, ब्रिटनमध्ये सर्वसाधारण विक्री १९९२ मध्ये थांबली, आणि अजूनही बऱ्याच देशांत त्यावर सक्तीची मर्यादा नाही. त्यामुळे रंगाचे जुने थर असलेल्या घरात शिसं आहे असंच धरून चाला, तपासणीत नाही निघालं तर आनंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्या माणसांच्या चार-पाच पट शोषून घेतं आणि त्याचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण माहीत नाही. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि बाहेरून काही दिसत नाही, पोर हसत-खेळत असतं.

लोकांना वाटतं मुलाने रंगाचा पापुद्रा खाल्ला तरच धोका. खरा धोका धुळीचा. जुनी खिडकी वर-खाली सरकते, दार चौकटीला घासतं, रंगाचं पीठ पडतं, ते जमिनीवर, तिथून हातावर, हातातून तोंडात. आणि सगळ्यात जास्त धूळ उडते ती तुम्ही हौसेने दुरुस्ती सुरू करता तेव्हा. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, मशीनने तर नाहीच, ज्वाळेने किंवा फार तापलेल्या हीटगनने जाळायचा नाही. ओला करून खरवडायचा, खोली प्लास्टिकने बंद करायची, शेवटी ओल्या फडक्याने आणि हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवणारी गाळणी) असलेल्या व्हॅक्यूमने साफ करायची, झाडूने नाही. काम करणाऱ्यांचे कपडे आणि बूट मुलांच्या खोलीत येता कामा नयेत. गरोदर बाईने आणि मुलांनी त्या काळात तिथे थांबायचंच नाही. बाजारात मिळणाऱ्या तपासणीच्या काड्या अंदाजापुरत्या ठीक, पण निर्णय घ्यायचा तर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी रंगातलं शिसं मोजणाऱ्या) यंत्राने किंवा प्रयोगशाळेत नमुना देऊन घ्या. चौकट चांगली असेल आणि रंग धरून असेल तर वर नवीन थर देऊन बंद करणंही चालतं, फक्त घासणाऱ्या जागा, म्हणजे खिडक्या आणि दारांच्या कडा, तिथे ते टिकत नाही, तिथे बदलणंच बरं.

खिडक्यांखालच्या बाहेरच्या मातीतही शिसं उतरलेलं असतं, तिथे भाजी लावायची किंवा मुलांना माती खेळू द्यायची तर माती तपासून घ्या. पाण्याचा जुना पाइप मऊ, राखाडी असेल, नाण्याने खरवडल्यावर चांदीसारखा चमकत असेल आणि लोहचुंबक चिकटत नसेल तर तो शिशाचा असण्याची शक्यता आहे. बदलेपर्यंत रात्रभर पाइपात साचलेलं पाणी थोडा वेळ सोडून द्या, आणि बाळाच्या दुधासाठी नळाचं गरम पाणी वापरू नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं, पाणी उकळून ते जातही नाही. राहायला गेल्यावर शंका आली तर मुलांची रक्ततपासणी करून घ्यावी, साधी असते.

दुसरं अ‍ॅस्बेस्टॉस. हे बांधकामाच्या सामानात घातलेले बारीक खनिज तंतू. छताचे पत्रे, पाइपवरचं आवरण, जुन्या फरशीच्या टाइल आणि त्याखालचा गोंद, खरबरीत छत यांत ते असू शकतं आणि नुसतं बघून कोणालाही सांगता येत नाही, प्रयोगशाळाच सांगते. अखंड आहे, कोणी हात लावत नाही तोवर ते बहुतेक वेळा राहू दिलं तरी चालतं. त्यात ड्रिल मारलं, तोडलं, घासलं की तंतू हवेत जातात आणि आजार वीस-चाळीस वर्षांनी दिसतो. म्हणजे आज पाच वर्षांचं असलेलं मूल पंचवीस ते पंचेचाळीसचं झाल्यावर. ब्रिटनने त्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली, काही देशांत मात्र अजून वापर चालू आहे, म्हणून घर फार जुनं नाही एवढ्यावर विसंबू नका. काढायचं तर त्यातलं प्रशिक्षण असलेल्या माणसांकडूनच, आणि घरात तेव्हा कोणी राहायचं नाही.

बाकीचं भराभर. खिडकी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू नये असा अडसर लावा, पण आगीच्या वेळी मोठ्या माणसाला तो चटकन काढता यायला हवा. कठड्याच्या गजांमधलं अंतरही तेवढंच, आणि गज उभे असू द्या, आडवे गज म्हणजे मुलांना शिडी. खिडकीखाली पलंग नको. विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज कुठे गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) राहायला जायच्या आधी, बाकी वायरिंग नंतर बदलणार असाल तरी, आणि अर्थिंग खरंच आहे ना तेही तपासून घ्या, तीन भोकांचं सॉकेट असून मागे अर्थ जोडलेलीच नसते असं फार दिसतं. गॅसवर पाणी तापत असेल किंवा जुनी चिमणी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

५. कागद, आणि घरात आधीच राहणारी माणसं

मालकी साखळीने कोणाकडून कोणाकडे आली, कर्ज किंवा वाद आहे का, नकाशा मंजूर आहे तेवढंच बांधकाम आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. जुन्या घरांत एखादी खोली, पोटमाळा, बंद केलेली बाल्कनी विनापरवाना असते आणि ती अधिकृत करायची किंवा पाडायची जबाबदारी नव्या मालकावर येऊ शकते. इमारत वारसा यादीत आहे का बघा, असेल तर खिडक्या बदलायलाही परवानगी लागू शकते. सामाईक भिंत, सामाईक ड्रेनेज, कोणाचा जाण्या-येण्याचा हक्क, हेही. करारात "तपासणी समाधानकारक झाली तरच" ही अट लेखी घाला, ती घालायला नकार देणाऱ्याकडून मी तरी घर घेणार नाही.

घरात भाडेकरू असतील तर विक्रेता "ते मी बघतो" म्हणतो. त्याने काय बघितलं ते तुम्हाला माहीत असायला हवं. एखाद्या कुटुंबाला धाक दाखवून बाहेर काढलं असेल तर गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि तुमची मुलं त्याच गल्लीत खेळणार असतात. त्यांचे हक्क काय, मुदत किती, भरपाई कोण देणार, हे कागदावर आल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिकाम्या घराचा आणि बांधकाम चालू असलेल्या घराचा विमा नेहमीच्या घरविम्यात सहसा पूर्ण येत नाही, कंपनीला आधी विचारून घ्या.

६. कामाचा क्रम

राहतं घर आणि बांधकाम एकत्र चालवू नका, मुलं लहान असतील तर पाडापाडी, जुना रंग काढणं आणि फरशी उचलणं संपेपर्यंत तरी दुसरीकडे राहा. दोन भाडी देणं जिवावर येतं, कबूल, पण पैसे वाचवायचेच असतील तर टाइल साध्या घ्या, किचन पुढच्या वर्षावर टाका. राहून काम करायचीच वेळ आली तर वेगळ्या दाराचा एक भाग, त्यात एक बाथरूम आणि एक झोपायची खोली, पूर्ण करून बंद करा आणि कामाची माणसं तिकडून जाणार नाहीत असं बघा.

क्रम असा: वरून येणारं पाणी थांबवा, म्हणजे छत, गच्ची, पन्हळी. मग पाया आणि स्ट्रक्चर. मग ड्रेनेज, पाण्याचे पाइप, वायरिंग. मग खिडक्या. मग प्लास्टर. ते वाळू द्या, खरंच वाळू द्या. जमिनीवरचा सिमेंटचा थर ढोबळमानाने दिवसाला एक मिलिमीटर वाळतो, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या थराला पन्नास दिवस, आणि त्याआधी वर लाकडी फरशी घातली की ती फुगणारच. शेवटी फरशी, किचन, रंग. रंग कमी वासाचा घ्या आणि मुलांना झोपवायच्या आधी काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा. नवीन प्लायवूडच्या कपाटांचंही तेच.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंट प्लास्टर करू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं, मग ती ओल दुसरीकडून फुटते आणि दोन वर्षांत पुन्हा पोपडे. गवंडी सिमेंटचाच आग्रह धरेल, त्याला सवय असते, तुम्ही चुन्याचं काम येणारा माणूस शोधा.

भिंती बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप लावून, पाइप आणि वायर कुठून गेल्यात ते दिसेल असे. मुलांच्या खोलीत पुढे कपाट भिंतीला स्क्रूने बांधावं लागतं (बांधाच, कपाटं मुलांच्या अंगावर पडतात), तेव्हा हे फोटो लागतात.

शाळेचं वर्ष आणि बांधकाम यांचा मेळ घाला. प्रवेशासाठी त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा एका ठरावीक तारखेला लागत असेल तर ती तारीख काँट्रॅक्टरच्या शब्दावर सोडू नका, तो म्हणेल त्याच्या दीडपट वेळ धरा.

७. काँट्रॅक्टर

तिघांना एकच लेखी यादी द्या, नाहीतर तिघांचे आकडे तीन वेगळ्या कामांचे असतात आणि तुलना होतच नाही. पैसे टप्प्याने, काम झालेलं बघून द्या, आणि पाच ते दहा टक्के शेवटी राखून ठेवा, सगळ्या बारीक चुका निस्तरल्यावर द्यायचे. कामात बदल झाला की त्याच दिवशी किंमत आणि वाढलेले दिवस लिहून दोघांची सही. धूळ, शिसं आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांचे नियम करारातच घाला, तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी विसरलं जातं. त्याच वस्तीतला सुतार किंवा प्लंबर मिळाला तर बघा, त्याला जुन्या घरांची ओळख असते, आणि उद्या तो रस्त्यात भेटणार असतो, हेही काही कमी नाही.

८. शेजारी

काम सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजूंना, वर-खाली आणि समोर स्वतः जाऊन सांगा: किती महिने, कुठल्या वेळात आवाज, अडचण आली तर फोन कोणाला. गल्लीत तीन भाषा असतील तर सूचना तिन्ही भाषांत लावा, भाषांतर शेजाऱ्याकडूनच करून घ्या, ओळख तिथेच होते. कोणाच्या प्रार्थनेच्या, उपासाच्या, सणाच्या वेळा आहेत, कोणाकडे तान्हं बाळ आहे, कोण रात्रपाळी करून दिवसा झोपतं ते विचारा आणि तोडफोड त्या वेळा टाळून लावा. सामाईक भिंतीचे त्यांच्या बाजूने फोटो आधी काढून दोघांकडे ठेवा, नंतर भेग पडली तर ती जुनी का नवी यावर भांडण होत नाही.

आणि "आम्ही आलो म्हणून आता गल्ली सुधारेल" असला सूर चुकूनही लावू नका, ती माणसं तिथे तुमच्या आधीपासून नीट राहतायत. खरं तर घरांच्या किमती वाढल्या तर त्यांच्यातल्या भाडेकरूंचंच नुकसान होतं. मुलांना शाळा सुरू व्हायच्या आधी काही आठवडे त्याच बागेत, त्याच वाचनालयात न्यायला लागा, म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात दोन तरी ओळखीचे चेहरे असतात.

९. राहायला गेल्यावर

पहिल्या वर्षी बाहेरचा रंग, बाग, महागडी कपाटं यातलं काही करू नका. एक पूर्ण पाऊस आणि एक थंडी जाऊ द्या, ओल परत येते का, कुठली खोली तापते, मुलं प्रत्यक्षात कुठे बसून अभ्यास करतात ते कळेल. जुन्या भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि दर दोन महिन्यांनी बघा. खुणेपुढे सरकली तर इंजिनिअरला फोन, राखून ठेवलेले पैसे काँट्रॅक्टरला देण्याच्या आधी.